स्ट्रॅटो बँक आणि अवकाशयुगातले अमेरिकी गल्ले: आकार नवा, खटका जुना

गल्लेवाला

गल्ला म्हटलं की आपल्याला मातीचा आठवतो: एकदा भरला की फोडायचा. हा धागा मात्र त्याच्या अमेरिकी चुलतभावाबद्दल आहे. १९५० च्या आणि ६० च्या दशकात तिथे ओतीव धातूचे रॉकेट-गल्ले निघाले. त्यातला सगळ्यात ओळखीचा म्हणजे डेट्रॉईटच्या ड्यूरो मोल्ड अँड मॅन्युफॅक्चरिंग या कारखान्याचा 'स्ट्रॅटो बँक' (इंग्रजीत गल्ल्यालाही 'बँक'च म्हणतात). तो साधारण १९५३ च्या सुमाराचा मानतात. लांबी अंदाजे ८ इंच. पट्टीसारख्या बैठकीच्या एका टोकाला रॉकेट, दुसऱ्या टोकाला खड्डेखुड्डे असलेला चंद्र. नाणं रॉकेटच्या खाचेत बसवायचं, स्प्रिंग ताणायची, खटका दाबायचा. नाणं उडून चंद्राच्या फटीत शिरतं. पैसे काढायचे तर बुडाशी किल्लीची झाकणी.

याच घराण्यातले बरेच गल्ले जवळच्याच ईस्ट डेट्रॉईटच्या ॲस्ट्रो मॅन्युफॅक्चरिंगने काढले. या गावाने १९९२ मध्ये नाव बदललं, आज ते ईस्टपॉइंट आहे. तळावर 'ईस्ट डेट्रॉईट' अशी उठावदार अक्षरं दिसली, तर वस्तू त्या आधीची, हे बसल्या जागी कळतं.

चर्चेसाठी माझं म्हणणं असं. या गल्ल्यांना सगळे 'युद्धोत्तर आशावादाची खूण' म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धंच. आशावाद बाहेरच्या आकारात आहे. आतलं यंत्र आजोबांच्या काळातलं, आणि पैसे मोजणारा तिसराच कोणीतरी. जाणकारांनी आपापल्या बाजूने भर घालावी. दुरुस्तीचे प्रश्नही इथेच विचारा.

खटकेबाज

यंत्र जुनं, याला जोरदार अनुमोदन. कनेक्टिकटमधल्या क्रॉमवेलच्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीचा 'क्रीडमूर बँक' बघा. पेटंट १८७७ चं. बिडाचा बंदूकधारी, बंदुकीवर नाणं ठेवायचं, त्याचा पाय दाबायचा की नाणं समोरच्या झाडाच्या बुंध्यात. आता बंदुकीच्या जागी रॉकेट आणि झाडाच्या जागी चंद्र ठेवा. झाला स्ट्रॅटो बँक! मधली पंचाहत्तर वर्षं तत्त्वात काही फरक नाही: ताणलेली स्प्रिंग, तिला अडवणारा दात, दात सोडणारा खटका.

फरक पडला तो धातूत आणि वजनात. बीड जड आणि ठिसूळ. शिवाय त्याचं ओतकाम वाळूच्या साच्यातलं, म्हणजे दर नगाला नवा साचा. स्ट्रॅटो जस्ताच्या मिश्रधातूचा आहे, पोलादी साच्यात दाबाने ओतलेला. तोच साचा लाखो वेळा चालतो.

धातुकर्मी

हे गल्ले डेट्रॉईटमध्येच का जन्मले, याचं उत्तरही खटकेबाजांच्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे.

त्या काळच्या मोटारीत कार्बोरेटरचं अंग, दाराच्या मुठी, जाळीचे भाग, बॉनेटवरची झेपावणारी चिन्हं हे सगळं जस्ताचं डाय-कास्टिंग, म्हणजे असंच पोलादी साच्यात दाबाने ओतलेलं असायचं. साचे कोरणारे, ओतणारे, मुलामा देणारे कारागीर आणि यंत्रं त्या एका पट्ट्यात एकवटली होती. बॉनेटवरचं जेट विमान ओतणाऱ्या यंत्राला गल्ल्याचं रॉकेट ओतायला काही वेगळं शिकावं लागत नाही. मोटारींना शेपटाचे पंखही तेव्हाच फुटत होते: १९४८ च्या कॅडिलॅकवर पी-३८ लढाऊ विमानावरून घेतलेले छोटे, आणि १९५९ च्या कॅडिलॅकवर थेट रॉकेटछाप. गल्ल्याचे पंख आणि गाडीचे पंख एकाच गावच्या पाण्यावर वाढलेत.

मिश्रधातू म्हणजे झमॅक. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये आणला. नाव जर्मन आद्याक्षरांवरून: झिंक, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कुप्फर म्हणजे तांबं. त्यातल्या झमॅक-३ या प्रकारात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम, ०.०४ टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम, बाकी जस्त. वितळबिंदू ३८० ते ३८७ अंश सेल्सियस. इतक्या कमी तापमानाला वितळत असल्यामुळे पिचकारी सरळ वितळलेल्या धातूतच बुडवून ठेवता येते. ॲल्युमिनियमला साडेसहाशेच्या वर जावं लागतं, तिथे हे जमत नाही.

हिशेबनीस

'पैसे मोजणारा तिसराच' यावर मी लिहितो, कारण मला या गल्ल्याचा तोच भाग सगळ्यात रोचक वाटतो.

यातले कितीतरी गल्ले आई-बापांनी विकत घेतलेले नाहीत. ते बँकांनी आणि 'सेव्हिंग्ज अँड लोन' (लोकांची बचत घेऊन घरकर्ज देणाऱ्या) संस्थांनी खातेदारांच्या मुलांना वाटले. म्हणून बैठकीवर संस्थेचं नाव छापलेलं किंवा चिकटवलेलं असतं. आता बँका खेळणी का वाटत होत्या? १९३३ च्या बँकिंग कायद्यातून 'रेग्युलेशन क्यू' आलं. त्याने व्यापारी बँकांच्या बचत खात्याच्या व्याजाला सरकारी कमाल मर्यादा घातली. १९३५ पासून अडीच टक्के, जानेवारी १९५७ पासून ३, जानेवारी १९६२ पासून साडेतीन (वर्षभर ठेवलं तर ४). शेजारच्या बँकेपेक्षा अर्धा टक्का जास्त देऊन गिऱ्हाईक ओढायची सोयच नाही. मग ओढायचं कशाने? टोस्टर, चादरी, आणि मुलांसाठी रॉकेट. सेव्हिंग्ज अँड लोन संस्था १९६६ पर्यंत या मर्यादेबाहेर होत्या, पण भेटवस्तूंच्या चढाओढीत त्याही उतरल्या.

यातली खरी युक्ती किल्लीची. बँकेने वाटलेल्या कुलपाच्या गल्ल्यांची जुनी रीत अशी की किल्ली शाखेतच राहायची. गल्ला भरला की पोरगं बापाचं बोट धरून शाखेत येणार, कारकून उघडणार, पैसे खात्यात. पुढे किल्ली हातात मिळू लागली तरी हेतू तोच. आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली, रोज दोन आण्यांपासून. तिथे बँकेचा माणूस दारी येतो, इथे मुलाने दाराशी जायचं, एवढाच फरक. चंद्रावर गेलेलं नाणं परत आणायची वाट बँकेच्या खिडकीतूनच जाते, असं म्हणा हवं तर.

गल्लेवाला

हिशेबनीस, क्या बात! पण मग आशावाद खोटा ठरतो का? मुलांना रॉकेट आवडायचं म्हणूनच बँकेने रॉकेट निवडलं ना. बदक किंवा डुक्करही चाललं असतं.

अवकाशवेडी

खोटा नाही, पण त्याची तारीख नीट पाहायला हवी. सगळे म्हणतात 'स्पुटनिकनंतरची लाट'. स्पुटनिक, म्हणजे सोव्हिएत रशियाचा पहिला उपग्रह, उडाला ४ ऑक्टोबर १९५७ ला. स्ट्रॅटो बँक त्याच्या आधीचा. म्हणजे या रॉकेटचा नमुना स्पुटनिक नव्हे, जर्मनीचं युद्धातलं क्षेपणास्त्र व्ही-२ आहे: ३ ऑक्टोबर १९४२ ला पहिलं यशस्वी उड्डाण, १४ मीटर उंच, मध्ये फुगीर, टोकदार नाक, चार पंख. अमेरिकेने युद्धानंतर ती अस्त्रं उचलून न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला एप्रिल १९४६ पासून उडवली. पुढे १९५२ ते ५४ मध्ये 'कॉलियर्स' साप्ताहिकात व्ही-२ चा अभियंता वेर्नर फॉन ब्राउन आणि मंडळींची अवकाशप्रवासावरची लेखमाला आली, चेस्ली बोनस्टेलच्या चित्रांसह. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथे विमान कंपनीच्या जाहिरातीचं ७६ फुटी 'मूनलायनर' रॉकेट उभं होतं. पंखांवर उभं राहिलेलं, चकचकीत, तिकीट काढून बसता येईल असं. गल्ल्याचं रॉकेट याच वंशातलं.

आणि हा आशावाद निर्धास्त नव्हता, हेही सांगायला हवं. ॲस्ट्रोच्या एका गल्ल्याचं नावच 'गायडेड मिसाइल' आहे. व्ही-२ लंडन आणि अँटवर्पवर पडलेलं अस्त्र. दहा वर्षांत तोच आकार मुलांच्या टेबलावर नाणी खात बसला. भीतीला गिळून पचवायची ही एक रीत असावी. निव्वळ 'भविष्याचं स्वप्न' म्हणणारे लेख मला म्हणूनच गुळगुळीत वाटतात.

पंखांबद्दल एक. पोकळीत पंखांचा काडीचा उपयोग नाही, वातावरणात तोल सांभाळायला असतो. प्रत्यक्षात अमेरिकी अंतराळवीर बसले ते मर्क्युरी यानाच्या बोथट बुडाच्या घंटेत: शेपर्ड ५ मे १९६१, ग्लेन २० फेब्रुवारी १९६२. बोथट आकार परत येताना उष्णता स्वतःपासून दूर ठेवतो, हे अमेरिकी अभियंता ज्युलियन ॲलनने १९५१ मध्येच दाखवलं होतं. चंद्रावर उतरलेलं यान तर कोळ्यासारखं, पंखबिंख काही नाही. म्हणजे गल्ले बाजारात असतानाच त्यांचा आकार जुना झाला होता! बाजाराला त्याची फिकीर नव्हती. घंटा उडते असं कुठल्या पोराला पटणार?

हिशेबनीस

गल्लेवाल्यांच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देतो. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक (१९८२-८४ = १००) १९५७ ला सरासरी २८.१, १९६७ ला ३३.४, १९७७ ला ६०.६. १९५७ मध्ये गल्ल्यातला एक डॉलर खात्यात टाकला आणि दहा वर्षं फक्त ३ टक्के चक्रवाढ धरली तर १.३४ डॉलर होतात. किमती तोवर १.१९ पट झाल्या. म्हणजे मुलाला खरोखर फायदा. पुढच्या दशकात ५ टक्के धरले तरी १.६३ पट, आणि किमती १.८१ पट. नुकसान. रॉकेट-गल्ल्याचं आश्वासन पहिली दहा वर्षं तरी हिशेबात खरं होतं. मी त्याला भाबडेपणा म्हणणार नाही.

कोकणवारा

चर्चा छान. पण माझ्यासारख्यांचा प्रश्न वेगळा. असा गल्ला रत्नागिरी-पणजीच्या हवेत आला तर टिकवायचा कसा? चंद्रावर पांढरी भुकटी दिसतेय, रॉकेटच्या पंखावर फोड आहेत. घरात चिंच, लिंबू, तांब्या-पितळेची पावडर सगळं आहे.

धातुकर्मी

ते सगळं ओट्यावरच राहू द्या! जस्त आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही. चिंच, लिंबू, व्हिनेगर नको. धुण्याचा सोडा, कॉस्टिकही नको. पितळेची पावडर आम्ल आणि खरवड दोन्ही करते.

आधी ओळखा, कारण तीन वेगळी दुखणी एकसारखी दिसतात.

पांढरी भुकटी, खाली धातू गुळगुळीत: हे पांढरं गंजणं, दमट खारट हवेने येतं. वरवरचं आहे. मऊ दाढीच्या ब्रशने कोरडी झाडा. मग डिस्टिल्ड वॉटर अर्धा लिटर, त्यात भांड्यांच्या सौम्य द्रवसाबणाचे ३-४ थेंब, कापसाची काडी पिळून घेऊन पुसा. गल्ला पाण्यात बुडवू नका. आत स्प्रिंग पोलादी आहे, पाणी फटीतून जाऊन बाहेर येत नाही. साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसा, हेअर ड्रायरच्या कोमट झोताने १० मिनिटं वाळवा. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, २० मिनिटांनी सुती फडक्याने घासून चमक. नळाचं पाणी टाळा, त्यातला क्लोराइड मागे राहतो.

फोड: मुलाम्याखाली ओल शिरून जस्त गंजलंय आणि मुलामा वर उचललाय. फोड फोडायचा नाही. फोडला की उघड्या जस्तावर गंज झपाट्याने पसरतो. कडेने मेण भरून हवा बंद करा, एवढंच.

तिसरं दुखणं वाईट. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, भाग फुगून वाकडा, नखाने दाबला तर कडा चुरते. याला झिंक पेस्ट म्हणतात. ओततानाच जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियमचा अंश राहिला की ते कणांच्या सीमांवर साचतं आणि दमट हवेत धातू आतून कुरतडला जातो. औषध नाही. म्हणूनच झमॅकला ९९.९९ टक्के शुद्ध जस्त लागतं. १९३० च्या आसपासच्या खेळण्यांत हा रोग फार, युद्धानंतरच्या गल्ल्यांत कमी. विकत घेण्याआधी चंद्राचा सांधा आणि पंखांची मुळं भिंगाखाली पाहाच. असा नग संसर्गजन्य नसतो, शेजारच्या गल्ल्याला काही होत नाही. पण त्याची स्प्रिंग ताणू नका.

कोकणवारा

आणि ठेवायचं कशात? लाकडी शोकेस चालेल?

धातुकर्मी

ताजं लाकूड, प्लायवूड, स्वस्त पुठ्ठा यांतून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते, आणि ती जस्ताला लागते. काच किंवा पॉलिप्रोपिलीनचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, छोटा आर्द्रतामापक. काटा ५० टक्क्यांच्या खाली ठेवा. जेल रंग बदलून सांगतं तेव्हा ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा, पण गल्ला बाहेर काढून, हे सांगायला नको.

खटकेबाज

आता माझा विषय. स्ट्रॅटो जातीचे गल्ले ८० टक्के वेळा 'चालत नाही' म्हणून विकले जातात. हा आकडा माझ्या जिभेचा आहे, सर्वेक्षणाचा नाही. कारणं मात्र ठरलेली.

पहिलं, तेल सुकून डिंक झालंय. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने खिळीवर सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी खटका हाताने हलवून पाहा. ग्रीस अजिबात नको, धूळ धरतं.

दुसरं, दाताचा ओठ झिजलाय. स्प्रिंग ताणली की अडकत नाही, किंवा हात लावताच सुटते. इथे लोक कानस घेऊन जस्ताचा दात 'धारदार' करायला जातात. करू नका! दात आणखी आखूड होतो. ०.२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचा तुकडा कापून दाताच्या अंगाला दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवा, २४ तास हात लावू नका. घट्ट बसणारा नवा ओठ मिळतो आणि मूळ धातू शाबूत. डाग द्यायचा (सोल्डरिंगचा) विचारही नको. हा मिश्रधातू ३८० ला वितळतो, गॅसच्या ज्योतीखाली रॉकेटचं डबकं होईल.

तिसरं, कोणीतरी स्प्रिंग बदललीय. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. मूळ तार ०.५ मिमी होती आणि तुम्ही ०.६ ची घातली तर ताठपणा १.२ चा चौथा घात, म्हणजे दुपटीहून थोडा जास्त. वेटोळ्याचा व्यास वाढला तर घनाने कमी होतो, वेढे वाढले तर सरळ प्रमाणात कमी. म्हणून व्हर्नियर कॅलिपरने तीन मापं घ्या: तारेची जाडी, वेटोळ्याचा बाहेरचा व्यास, चालू वेढ्यांची संख्या. तार 'पियानो वायर' म्हणून मागा. साधी लोखंडी तार वळून केलेली स्प्रिंग चार वेळा ताणली की लांबच राहते.

आणि एक सवय लावून घ्या. गल्ला ताणून ठेवू नका. झमॅक खोलीच्या तापमानालाही सततच्या भाराखाली हळूहळू वाकतो. शोकेसमध्ये वर्षभर ताणलेल्या रॉकेटचा दात आपोआप मागे सरकतो.

गल्लेवाला

खाचेतून वेगवेगळी नाणी उडवली की काही पोचतात, काही आधीच पडतात. कारण वजनच ना?

खटकेबाज

हो, आणि हिशेब सोपा आहे. स्प्रिंग प्रत्येक नाण्याला जवळपास सारखीच ऊर्जा देते, म्हणून वेग वजनाच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात. समजा डाइम (१० सेंटचं नाणं, १७.९१ मिमी, १९६५ नंतरचं २.२७ ग्रॅम) सेकंदाला ४ मीटरने सुटतं आणि रॉकेट ते चंद्र १० सेंटिमीटर आहे. वाटेत ते ३ मिमी खाली येईल. ३.११ ग्रॅमचा जुना सेंट ४ मिमी. ५.६७ ग्रॅमचा क्वार्टर (२५ सेंट) ७ ते ८ मिमी. ११.३४ ग्रॅमचा हाफ डॉलर १५ मिमी, म्हणजे बहुतेक फटीच्या खालच्या ओठावर आपटणार. हलक्या नाण्यावर जमवलेली स्प्रिंग जड नाण्याला अपुरी, आणि जड नाण्यावर जमवलेली हलक्या नाण्याला चंद्रावर आदळवून खोक पाडते. चंद्राचे काही 'खड्डे' ओतताना पडलेले नसतात!

आपली नाणी वापरायची तर २०११ च्या मालिकेतला रुपया (२१.९३ मिमी, ३.७९ ग्रॅम) उत्तम: आकाराने अमेरिकी निकेलजवळ (५ सेंटचं नाणं, २१.२१ मिमी), वजनाने हलका. घसरण ५ मिमी.

दूरदेशी

मिशिगनमधून लिहितोय, इथे हे गल्ले जुन्या बाजारात अजून सापडतात. घेताना तपासायच्या गोष्टी.

लोहचुंबक लावा. जस्ताला चिकटत नाही. स्प्रिंग, खिळ्या, कुलपाची जीभ चिकटतील, पण अंग चिकटलं तर ते बिडाचं, म्हणजे नक्कल. फार हलका लागला तर ॲल्युमिनियम: घनता २.७, झमॅकची ६.६ च्या आसपास.

मूळ गल्ल्यावरूनच नवा साचा घेऊन ओतलेली नक्कल चुंबकाला फसवते, मोजपट्टीला फसवत नाही. झमॅक गोठताना सुमारे ०.६ टक्के आकसतो. २०३ मिमीच्या वस्तूत एक मिलिमीटरहून जास्त फरक. ओळखीच्या अस्सल नगाची लांबी व्हर्नियरने मोजून ठेवा आणि त्याच्याशी ताडा. आतल्या बाजूला पाहा: डाय-कास्टिंगमध्ये नग साच्यातून ढकलून काढणाऱ्या दांड्यांचे गोल, सपाट ठसे असतात. वाळूच्या ओतकामात ते नसतात, तिथे अंग खरखरीत.

बँकेचं नाव छापलेली पट्टी स्पिरिटने किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसू नका, एका फटक्यात जाते. आणि नाव गेलं की गल्ल्याचा निम्मा इतिहास गेला. हिशेबनीस सांगतात तो पैसे मोजणारा माणूस त्या एका ओळीतच आहे.

आत नाणी खुळखुळत असतील तर आनंदाने फोडू नका. १९६४ पर्यंतची डाइम, क्वार्टर, हाफ ही ९० टक्के चांदीची. १९६५ च्या नाणे कायद्याने डाइम-क्वार्टरमधली चांदी गेली, हाफमध्ये १९७० पर्यंत ४० टक्के राहिली. चांदीचा डाइम २.५ ग्रॅम, नंतरचा २.२७. कडेला तांब्याची रेघ दिसली तर नंतरचा. सेंट चुंबकाला चिकटला तर १९४३ चा पोलादी, वर जस्ताचा थर असलेला. जस्ताच्या चंद्रात जस्ताचं नाणं!

कोकणवारा

किल्ली नाही. झाकणी कशी काढू?

दूरदेशी

स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, झाकणीच्या भोवतीचं जस्त तडकतं आणि तो तडा बैठकभर पळतो. कुलूप साधं आहे, चपट्या किल्लीचं. १ मिमी जाडीची पोलादी पट्टी खाचेच्या रुंदीला घासून घ्या, टोकाला छोटा दात ठेवा, आत घालून हलक्या हाताने फिरवत जीभ कुठे लागते ते शोधा. आधी तेलाचा थेंब, अर्धा तास थांबा. जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं. जमलं नाही तर कुलूपवाल्याकडे न्या, पण ड्रिल लावायचं नाही हे त्याला आधी बजावा.

काही गल्ल्यांची बैठक स्क्रूने धरलेली असते. पोलादी स्क्रू जस्तात वर्षानुवर्षं ओल्या हवेत बसला की जस्त त्याच्याभोवती गंजून फुगतं. भेदक तेल (पेनिट्रेटिंग ऑइल) १२ तास, मग हेअर ड्रायरने कोमट, मग खाचेला पूर्ण भरणारं पातं. उलट फिरण्याआधी चिमूटभर सुलट फिरवा, गंज तुटतो.

अवकाशवेडी

दूरदेशींच्या चांदीवरून एक जोडते. १९६३ ते ६५ दरम्यान अमेरिकेत नाण्यांची चणचण होती, आणि नाणी साठवणाऱ्यांवर, विक्री-यंत्रांवर त्याचं खापर फुटत होतं. ज्या गल्ल्यांनी मुलांना 'नाणी आत टाका' शिकवलं, त्यांचंच पीक नको तेव्हा आलं.

पुढे १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेतला १४० फुटी पोलादी पृथ्वीगोल 'युनिस्फिअर', मग अपोलो. आकृत्या बदलल्या, प्लास्टिक आलं, आणि जस्ताचं रॉकेट हळूच बाजूला पडलं. प्लास्टिकचा गल्ला उडवत नाही, नुसता गिळतो. मला हा खरा ऱ्हास वाटतो. उडणाऱ्या नाण्याच्या त्या पाव क्षणासाठीच तर मूल दुसरं नाणं मागायचं.

हिशेबनीस

+१. आणि बँकेला नेमकं तेच हवं होतं.

कोकणवारा

पट्टीने झाकणी उघडली, धातुकर्मी आणि दूरदेशी दोघांचेही आभार. चंद्राची भुकटीही गेली. आता नवा घोळ. घरातल्या मुलांनी जुनं जाड ५ रुपयांचं नाणं रॉकेटच्या खाचेत दाबलंय, ना पुढे ना मागे.

खटकेबाज

ते जुनं ताम्र-निकेलचं, २३ मिमी, ९ ग्रॅम. व्यासाने क्वार्टरपेक्षा लहान, म्हणून मुलांना वाटलं मावेल, पण जाडीने घात केला. खटका दाबू नका, स्प्रिंग ताणलेली असेल तर अंगठ्याने धरून हळू सोडवा. नाण्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या फोटो-फिल्मसारख्या पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवा, तेलाचा एक थेंब, आणि दोन्ही पट्ट्या एकदम वर ओढा. पक्कड लावाल तर खाचेची कड उमलेल, मग रुपयासुद्धा तिरका उडेल. निघालं की खाच व्हर्नियरने मोजा आणि इथे लिहा. निकेलची जाडी १.९५ मिमी आहे, त्याच्याशी ताडून पाहू.